पोर्तुगीज नागरिकत्व : भाषेचा दाखला नेमका कोणाला लागतो?

सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ला भागात आजी पेडण्यातून नाहीतर डिचोलीतून लग्न होऊन आलेली, अशी कितीतरी घरं आहेत. त्यामुळे ओळखीतल्या कोणी पोर्तुगालचा पासपोर्ट काढला की लगेच विषय निघतो, 'आमची आजी पण गोंयची, मगे आमका मिळात काय?' पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो : 'त्यांची भाषा यावी लागते म्हणतात, ती कुठे शिकायची?' एजंटला पैसे देण्याआधी हे समजून घ्या, कारण भाषेचा दाखला सगळ्यांना लागत नाही.

गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. त्याआधी तिथे जन्मलेल्यांची जन्मनोंद पोर्तुगालच्या दफ्तरात चढवता येते. त्यांची मुलं आई किंवा वडिलांच्या नात्याने नागरिकत्व मागू शकतात. या दोघांनाही भाषेची परीक्षा नाही.

नातवंडांची गोष्ट वेगळी. समजा आजी पेडण्यात जन्मली आणि आई सावंतवाडीत. आई हयात असेल तर आधी आजीची नोंद, मग आईचं नागरिकत्व, मग तुमचं, असं पायरीपायरीने जाता येतं. तुम्ही पोर्तुगीज आईचं मूल ठरता, म्हणून दाखला लागत नाही. आई वारली असेल, किंवा तिला आपलं भारतीय नागरिकत्व सोडायचं नसेल, तर थेट नातवंड म्हणून अर्ज करावा लागतो. आजीची नोंद तिथेही हवीच, आणि सोबत पोर्तुगीज येते याचा पुरावा. पोर्तुगालमध्ये कायदेशीर राहून, नोकरी करून पुढे नागरिकत्व मागणाऱ्यांनाही हा पुरावा द्यावा लागतो. तिथला कायदा अधूनमधून बदलतो, त्यामुळे अर्ज करतेवेळी काय नियम आहे ते पणजीतल्या पोर्तुगालच्या वकिलातीत विचारलेलं बरं.

पुरावा म्हणजे ए-२ पातळीचा दाखला. बाजारात स्वतःची ओळख सांगणं, वेळ विचारणं, छोटी चिठ्ठी लिहिणं, साधी सूचना वाचणं, इतपत भाषा. यासाठीची सर्वांना माहीत असलेली परीक्षा म्हणजे 'सिपले'. ती लिस्बन विद्यापीठाचं 'कापले' हे केंद्र घेतं. वाचन-लेखनाला ४५ टक्के, ऐकण्याला ३० टक्के आणि बोलण्याला २५ टक्के वजन असतं. एकूण ५५ टक्के मिळाले की पास. परीक्षा केंद्रं आणि तारखा कापलेच्या संकेतस्थळावर असतात, नोंदणी आधी करावी लागते. पोर्तुगालमध्ये राहणाऱ्यांना दुसरी वाट आहे : परदेशी रहिवाशांसाठीचा १५० तासांचा सरकारी वर्ग पुरा करून ए-२ दाखला मिळवला की वेगळी परीक्षा द्यावी लागत नाही.

फसायला होतं ते इथे. एखाद्या खासगी क्लासने 'कोर्स पूर्ण केला' म्हणून दिलेला कागद नागरिकत्वासाठी चालत नाही. ए-१ चा दाखलाही पुरत नाही, तो खालच्या पातळीचा. 'परीक्षेला न बसता दाखला आणून देतो' म्हणणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवा. परीक्षा तुमची आहे, तोंडी भागात समोर बसून बोलायचंही तुम्हालाच आहे.

शिकायला आपल्याला थोडा हात मिळतो. चावी, पाव, साबण, बटाटा, अननस, पगार हे शब्द पोर्तुगीजांकडूनच आले. अनुनासिक उच्चारही मालवणी, कोंकणी बोलणाऱ्याला जड जात नाहीत. लोक अडकतात ते ऐकण्यात. पोर्तुगालची माणसं बोलताना स्वर गिळतात, त्यामुळे वाचताना ओळखीचा असलेला शब्द कानाला ओळखू येत नाही. मोबाईलवरचं ड्युओलिंगो ब्राझीलची पोर्तुगीज शिकवतं, तिचे उच्चार मोकळे असतात. फक्त त्यावर तयारी केलेल्याची परीक्षेत गाळण उडते. पोर्तुगालच्या सरकारी वाहिनीच्या बातम्या रोज अर्धा तास लावा, सुरुवातीला काही समजलं नाही तरी चालेल. पणजीत कामोंइश संस्थेचं पोर्तुगीज भाषा केंद्र आहे, वर्गांची चौकशी तिथे करावी.

आता जे एजंट शेवटी सांगतो, ते. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं की १९५५ च्या कायद्याप्रमाणे भारतीय नागरिकत्व जातं, पासपोर्ट जमा करावा लागतो. मतदान नाही, ग्रामपंचायतीला उभं राहता येत नाही. ओसीआय कार्ड काढून येणं-राहणं सोपं होतं, पण त्यावर शेतजमीन किंवा बागायत विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित जमीन वारसाने मिळू शकते, शेजारची काजूची बाग विकत घ्यायचा बेत असेल तर तो संपला. आणि लंडन डोळ्यासमोर ठेवून कोणी जमीन विकत असेल तर थांबा : ब्रेक्झिटनंतर, २०२१ पासून, नव्याने जाणाऱ्याला पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडमध्ये आपोआप काम करता येत नाही, तिथे व्हिसा लागतो. युरोपीय संघातल्या देशांत मात्र तो चालतो.

पहिलं काम घरातच करता येईल. आजीच्या जन्माची गोव्यातली नोंद शोधा आणि तिचं माहेरचं नाव नंतरच्या कागदांवरच्या नावाशी जुळतं का ते पाहा. तिथे फरक असेल, तर परीक्षेची फी भरण्याआधी तो निस्तरा.