तेरचं तगर: बाजार गेला, गाव उरलं

वाळवंटात ओस पडलेल्या पेट्रा-पाल्मिराच्या गोष्टी आपण ऐकतो. पण आपल्या चौसाळ्याच्या आग्नेयेला, तेरणाकाठचं तेर म्हणजे प्राचीन तगर.

पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात त्याची वाट दिली आहे. भडोचच्या दक्षिणेला २० दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला १० दिवसांवर तगर. पैठणहून अकीक जायचा. तगरहून जाडंभरडं कापड, मलमल आणि समुद्रकिनाऱ्याकडून तिथं आलेला माल. तोही गाड्यांतून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून! महिनाभराचं चारापाणी धरा, तरी परवडत होतं, कारण गिऱ्हाईक थेट रोमन जगातलं होतं. तेरला सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती आणि इ.स. ७९ मध्ये राखेखाली गेलेल्या इटलीतल्या पाँपेईत मिळालेली, दोघी बहिणी शोभतात.

दूरच्या गिऱ्हाइकाचं हेच दुखणं. सातवाहन गेले, रोमचा व्यापार आटला, गाड्या कमी झाल्या. तगर एका दिवसात ओस पडलं नाही, आक्रसत गेलं. नावाचा दबदबा मात्र टिकला: शेकडो वर्षांनी कोकण-कोल्हापूरचे शिलाहार स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवत. राज्य कुठं, तगर कुठं!

ती मूर्ती तेरच्या लामतुरे संग्रहालयात आहे. गोरोबाकाकांच्या दर्शनाला जाल तेव्हा तिकडेही डोकावा.