रिपोर्ट नॉर्मल, तरी अंग दुखतंय?

मी फिजिओथेरपिस्ट, आणि आजचा विषय फायब्रोमायाल्जिया. यात अंगभर दुखतं, झोपून उठलं तरी थकवा जात नाही, पण एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट बहुतेकदा नॉर्मल. मग घरचे म्हणतात, "नाटकं करतेस." नाटक नाही हो! मज्जासंस्थाच वेदनेचा आवाज वाढवून ठेवते.

तो आवाज कमी करायला व्यायाम मदत करतो. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या 'युलार' संघटनेच्या २०१७ च्या शिफारशींमध्ये सगळ्यात ठाम शिफारस व्यायामाचीच आहे.

पण खरी गोम आहे वेगात. बरं वाटलं की सगळी कामं उरकायची आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात, हे चक्र मोडायचं. मी विचारते, "अगदी वाईट दिवशीही किती चालू शकशील?" पाच मिनिटं? मग तिथूनच सुरुवात. आठवडाभर तेवढंच, बऱ्या दिवशीही जास्त नाही. नंतर एकेक मिनिट वाढवायचं. सुरुवातीला थोडं जास्त दुखेल, घाबरू नका. दोन दिवसांतही उतरलं नाही, तर एक पायरी मागे या.

निदान मात्र आधी डॉक्टरांकडूनच. थायरॉईडनेही अंग दुखतं.

आणि घरच्यांनो, सल्ले नकोत. ती पाच मिनिटं सोबत चाला.