मुठीतला श्वास

पावणेसहाला जाळी उघडली तेव्हा ओढ्यापलीकडचं अजून नीट दिसत नव्हतं. भोरजवळचा हा ओढा, दोन्ही काठांना करवंद आणि निरगुडी. एम.एस्सी.ची आणि नुकतीच पीएच.डी.ला लागलेली मिळून सहा मुलं माझ्याबरोबर होती. साडेसहाच्या फेरीला तिसऱ्या जाळ्यात लालबुड्या बुलबुल सापडला. आयुष्यात पहिल्यांदाच पक्षी हातात घेणाऱ्या मुलीने तो अलगद सोडवला आणि निसटेल या भीतीने मूठ जराशी आवळली.

"छाती मोकळी सोड," मी म्हटलं. "त्याला श्वास घेता येत नाहीये."

आपल्या छाती-पोटाच्या मध्ये जसं श्वासपटल असतं तसं पक्ष्याला नसतं. त्याचं छातीचं हाड हलतं तेव्हाच हवा आतबाहेर होते. ते दाबून धरलं तर पक्षी आवाज न करता गुदमरतो, आणि धरणाऱ्याला वाटतं, शांत झाला. म्हणून पाठ तळहाताला टेकवायची, मान तर्जनी आणि मधल्या बोटाच्या फटीत सैल ठेवायची, उरलेली बोटं मिटलेल्या पंखांवरून नुसती ठेवायची. छातीवर काहीही नको. त्या मुलीला हे समजावायला मला अर्धं मिनिट लागलं. तिच्या बोटांना ते कळायला तीन दिवस लागले.

रानातल्या प्राण्यांवर संशोधन करणाऱ्यांना मी गेली अनेक वर्षं हेच शिकवते: पकडायचं कसं, धरायचं कसं, कधी सोडून द्यायचं आणि मुळात पकडायचंच का.

कायद्यापासून सुरुवात करते, कारण मुलांना तिथेच पहिला धक्का बसतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये 'शिकार' या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात मारणं तर आहेच, पण पकडणं, फास लावणं, सापळा लावणं आणि तसा नुसता प्रयत्न करणंही आहे. म्हणजे अभ्यासासाठी लावलेलं आमचं जाळं कायद्याच्या नजरेत शिकारच. कलम १२ खाली राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांनी लेखी परवानगी दिली तरच ते लावता येतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली नेमलेली केंद्रीय समिती आहे आणि संस्थांमध्ये नीतिमत्ता समित्या आहेत. तिथे विचारतात: किती प्राणी, कशासाठी, काय करणार? रसेल आणि बर्च या दोघांनी १९५९ साली मांडलेली तीन तत्त्वं त्यामागे आहेत. शक्य असेल तिथे प्राण्याला पर्याय शोधा, संख्या कमीत कमी ठेवा, त्रास कमीत कमी होईल अशी पद्धत वापरा.

प्रश्न योग्यच आहेत. पण ते बरेचसे प्रयोगशाळेतला उंदीर डोळ्यांसमोर ठेवून विचारलेले आहेत. तो उंदीर माणसांत जन्मलेला असतो, त्याचं वजन, वय, खाणं सगळं नोंदलेलं असतं. ओढ्यावरच्या बुलबुलाला मात्र आपण म्हणजे त्याला खायला आलेलं जनावर. घरी पिल्लं आहेत की नाहीत, रात्रभर उपाशी होता की काय, आपल्याला काही ठाऊक नसतं. ते त्याच्या अंगावर वाचावं लागतं. पोटावरची पिसं गळून कातडी उघडी, सुरकुतलेली आणि लालसर दिसली तर पक्षी अंडी उबवतोय. त्याचं वजनसुद्धा करायचं नाही, लगेच सोडायचा. चोच उघडी टाकून धापा टाकत असेल, डोळे मिटत असेल, तर हातातली वही खाली ठेवायची आणि तोही सोडायचा.

हे मला शिकवलं ते बिहारकडच्या एका वयस्क मीरशिकारांनी. मीरशिकार म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या पक्षी पकडणारे लोक. पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचं काम आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर सुरू झालं तेव्हा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने त्यांचं कौशल्य कामी आणलं. मला शिकवणाऱ्या या मीरशिकारांना आम्ही चाचा म्हणायचो. विकण्यासाठी धरलेला पक्षी जिवंत आणि धडधाकट राहिला तरच त्यांच्या घरी चूल पेटायची, त्यामुळे त्यांच्या बोटांत जी जपणूक होती ती मी कुठल्याही विद्यापीठात पाहिली नाही. जाळ्याच्या झोळीत अडकलेल्या पक्ष्याला हात लावण्याआधी ते दोन्ही बाजूंनी वाकून बघत. पक्षी ज्या बाजूने आत शिरला त्याच बाजूने बाहेर काढायचा, हा त्यांचा नियम. बाजू चुकली की धागा पंखात आणखी गुंतत जातो. पक्षी ठेवायच्या कापडी पिशवीची शिवण ते बाहेरच्या बाजूला घेत, कारण आतल्या दोऱ्यांत नखं अडकतात.

आणि तरीही माझ्या हातून एक पक्षी गेला.

विद्यार्थी असतानाची गोष्ट. दर वीस मिनिटांनी जाळ्यांची फेरी मारायची, हे मला माहीत होतं. त्या सकाळी नोंदी पुऱ्या करण्याच्या नादात पाऊण तास उलटून गेला आणि तेवढ्यात ऊन जाळ्यावर आलं. खालच्या झोळीत शिंपी पक्षी होता. सात-आठ ग्रामचा जीव, दोन चमचे साखरेएवढा. मी पोचले तेव्हा तो गार पडत होता. चाचा मला रागावले नाहीत. त्यांनी एवढंच सांगितलं की हे वहीत लिही. ती तारीख, जाळ्याचा क्रमांक आणि 'माझ्या दुर्लक्षामुळे मृत्यू' ही ओळ असलेलं पान मी आजही प्रत्येक शिबिरात पहिल्या दिवशी दाखवते. मुलांनी चुकू नये म्हणून दाखवते, आणि चुकलंच तर लपवू नये म्हणूनही. किती प्राणी दगावले हे प्रामाणिकपणे लिहिलं नाही, तर पद्धत सुधारायची कशाच्या आधारावर?

मोठ्या जनावरांच्या बाबतीत चूक दिसायलाच उशीर लागतो. चितळ किंवा काळवीट पाठलाग करून पकडलं की भीती आणि धावपळ यांनी त्याचे स्नायू आतून फुटू लागतात, त्यातलं रंगद्रव्य रक्तातून मूत्रपिंडात जाऊन बसतं. हरीण सोडल्यावर पळतं, सगळे टाळ्या वाजवतात, आणि काही दिवसांनी ते कुठल्यातरी झुडपात मरून पडतं. यावर खात्रीचं औषध नाही. डोळ्यांवर पट्टी, आजूबाजूला पूर्ण शांतता, उन्हाची वेळ टाळणं आणि हात भराभर चालवणं एवढंच हाती असतं. बिबट्याला केटामाइन देऊन बेशुद्ध केलं की त्याचे डोळे उघडेच राहतात आणि पापणी लवत नाही. बुबुळ कोरडं पडू नये म्हणून आधी डोळ्यांत मलम, मग वर फडकं, मग ताप मोजणं आणि मग संशोधन. हा क्रम पाठ नसलेल्या माणसाने बेशुद्धीच्या औषधाची बंदूक हातात घेऊ नये.

मग पकडायचंच कशाला? हा प्रश्न गावकरी विचारतात आणि तो रास्त आहे. पुष्कळदा पकडायची गरज नसतेच. वाघाचे पट्टे माणसाच्या बोटांच्या ठशांसारखे असतात. वन्यजीव संशोधक उल्हास कारंतांनी कर्नाटकातल्या नागरहोळेत स्वयंचलित कॅमेऱ्यांनी वाघ मोजून दाखवले, तेव्हापासून मोजणीसाठी वाघाला हात लावायचं कारण उरलं नाही. विष्ठेतून डीएनए मिळतो. पण काही गोष्टी पकडल्याशिवाय कळत नाहीत. संशोधक विद्या अत्रेय यांच्या अभ्यासात २००९ साली माग काढण्यासाठी गळ्यात कॉलर लावलेला 'आजोबा' हा बिबट्या माळशेज घाटात सोडल्यावर तिथून चालत सुमारे १२० किलोमीटरवर मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाशी पोचला. बिबट्याला उचलून दुसरीकडे सोडलं की तो तिथेच राहतो, हा समज असल्या पुराव्यांनी ढासळला. महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाह विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं सापडली, तीही पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने २०२० साली नमुने घेतले म्हणून.

म्हणजे पकडावं लागणार. तर मग ते ज्याला येतं त्यानेच पकडावं. ब्रिटनमध्ये अनुभवी माणसाच्या हाताखाली उमेदवारी केल्याशिवाय पक्ष्याच्या पायात स्वतंत्रपणे कडी घालायचा परवाना मिळत नाही. त्यात सहज वर्ष-दोन वर्षं जातात. आपल्याकडे प्रस्ताव तपासतात, अर्जदाराचा हात कुणी तपासत नाही. हे बदललं पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. रानात उतरणाऱ्या प्रत्येक संशोधकाला आधी कुणाच्यातरी नजरेखाली शंभर पक्षी हाताळू द्या, मग परवानगीचा कागद द्या.

भोरजवळच्या त्या शिबिराच्या शेवटच्या दिवशी पाचव्या जाळ्यात एक सातभाई अडकला आणि त्याच्या ओरडण्याने बाकीचा थवा जाळ्याभोवती गोळा झाला. आणखी तीन अडकले. त्याच मुलीने चौघांच्या चार पिशव्या शेजारी शेजारी सावलीत टांगल्या, कडी घातली, मापं घेतली आणि एकेक न सोडता चौघांना एकदम, जाळ्याजवळच्या करवंदीपाशी सोडलं. मी हे सांगितलं नव्हतं. थव्यात राहणाऱ्याला एकटं सोडलं तर तो आपल्या माणसांना शोधत भटकेल, हे तिचं तिने ओळखलं. तिची मूठ आता सैल झाली होती.

तुमच्या हाती कधी पायात ॲल्युमिनियमचं कडं असलेला पक्षी आला, मेलेला किंवा जिवंत, तर त्यावरचा क्रमांक नीट वाचून लिहून घ्या, जमलं तर फोटो काढा, आणि तारीख व ठिकाणासह बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. त्यांचं नाव कड्यावरच कोरलेलं असतं. जिवंत असेल तर कडं काढू नका, पक्षी सोडून द्या. आणि धराल तेव्हा छाती मोकळी ठेवा.