गाडीचा पट्टा



मागच्या अंकातील हिशेबात ‘फिरता दवाखाना – इंजिन पट्टा व इतर’ अशी एक ओळ छापली होती. दिवा लागलेला नसताना, गाडी व्यवस्थित चालत असताना हा खर्च कशासाठी केला, असे दोन-तीन देणगीदारांनी पत्राने विचारले. प्रश्न रास्त आहे. आमच्या विश्वस्त मंडळाच्या बैठकीतही तोच निघाला होता. गाडी विभागाचे काम माझ्याकडे असल्याने उत्तरही मीच देतो.

आपला फिरता दवाखाना म्हणजे टोयोटा हायएस, परदेशात बनून आयात झालेली व्हॅन. आधी ती मुंबईत एका हॉटेलच्या पाहुण्यांना ने-आण करीत असे. एका देणगीदाराच्या कृपेने ती आमच्याकडे आली तेव्हा मीटरवर ४१,००० किलोमीटर होते. आता ती शहाद्याहून धडगावकडे, तिथून पुढे पाड्यांवर जाते. तपासणीचे टेबल, औषधांची कपाटे आणि एक आडवा बाक असे तिचे आतले रूप आहे. इंजिन पुढच्या सीटखाली, त्यामुळे काही पाहायचे तर सीटच उचलावी लागते. पहिल्यांदा बघणारे हमखास विचारतात, “याचे बॉनेट कुठे आहे?”

या इंजिनाच्या डोक्यावर सोळा झडपा आहेत, गॅरेजच्या भाषेत वॉल्व्ह. हवा आत घ्यायची, धूर बाहेर टाकायचा, हे त्यांचे काम. त्या उघडतात आणि मिटतात कॅमशाफ्टमुळे. खाली क्रँक दोनदा फिरला की वर कॅमशाफ्ट एकदा फिरला पाहिजे, अगदी दाताला दात लावून. ही सांगड राखतो तो दातेरी रबरी पट्टा, म्हणजेच टायमिंग बेल्ट. काटा २,००० फेऱ्यांवर असला तर एकेक वॉल्व्ह सेकंदाला सोळाहून अधिक वेळा उघडतो. डिझेल इंजिनात हवा अठराएक पट दाबली जाते, म्हणून पिस्टन अगदी वरपर्यंत येतो आणि त्याच्या नि वॉल्व्हच्या मध्ये फारशी जागा उरत नाही. पट्टा तुटला की कॅमशाफ्ट जागीच थांबतो, पिस्टन मात्र वेगात वर येतो आणि उघड्या राहिलेल्या वॉल्व्हवर आपटतो. वॉल्व्ह वाकतात, हेड उतरवावे लागते, कधी कधी इंजिन नव्याने बांधावे लागते. त्या खर्चात असे कितीतरी पट्टे येतील.

पण खर्च हा गौण भाग आहे. पट्टा तुटताना पूर्वसूचना देत नाही. ब्रेक घासले की किंचाळतात, क्लच गेला की गाडी ओढत नाही, पट्टा मात्र शेवटच्या क्षणापर्यंत उत्तम चालतो आणि मग चालतच नाही.

हे मी पुस्तकातून शिकलेलो नाही. या गाडीच्या आधी आपल्याकडे एक जुनी जीप होती. तिचा पट्टा बदलायची वेळ होऊन गेली होती. त्या तिमाहीत टायर घ्यायचे होते, म्हणून मी ते काम पुढच्या तिमाहीत ढकलले, आणि पुढच्या तिमाहीत आणखी पुढे. श्रावणातल्या एका रात्री घाटाच्या मधोमध इंजिन एकदम गप्प झाले. गाडीत कळा सुरू झालेली एक पावरा बाई, तिची सासू आणि आपल्या सिस्टर होत्या. मी पुढे बसलो होतो. फोनला रेंज नव्हती. बॅटरीच्या उजेडात तिथेच बाळंतपण झाले. नंतर पाड्यावरच्या चौघांनी तिला बांबूच्या झोळीतून खालच्या फाट्यापर्यंत नेले आणि तिथे एक ट्रक मिळाला. ती वाचली. बाळ हाती लागले नाही. बाळ दवाखान्यात वाचले असते की नाही हे कोणी सांगू शकत नाही, पण पट्टा कोणी पुढे ढकलला हे मला सांगता येते.

म्हणून ही व्हॅन आल्यापासून मी वेगळ्या पद्धतीने हिशेब ठेवतो.

याच घराण्यातले २.५ लिटरचे डिझेल इंजिन आपल्याकडच्या जुन्या इनोव्हातही आहे. याला पट्टा बदलण्याचा आकडा देशोदेशी कुठे एक लाख, कुठे दीड लाख किलोमीटर असा दिलेला आढळतो. आमच्या पुस्तिकेत दीड लाख आहे. तेवढे किलोमीटर झाले की समोर ‘टी-बेल्ट’चा दिवा लागतो. पण हा दिवा पट्टा पाहून लागत नाही. तो फक्त किलोमीटर मोजतो, आणि पट्ट्याला किलोमीटर कळत नाहीत, त्याला कळतात फेऱ्या.

चालकदादांना मी महिनाभर काट्यावर लक्ष ठेवायला सांगितले. सपाट रस्त्यावर, वरच्या गिअरमध्ये ताशी ६० ने जाताना काटा साधारण १,७०० वर असतो, म्हणजे एका किलोमीटरला १,७०० फेऱ्या. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये ताशी २५ ने चढताना काटा १,९०० वर. फरक फार वाटत नाही, पण गुणाकार करून पाहा : एका किलोमीटरला ४,५६० फेऱ्या होतात. घाटातला एक किलोमीटर म्हणजे सपाटीवरचे पावणेतीन. शिवाय शिबिराच्या ठिकाणी लसींची पेटी आणि दिवे यांसाठी आम्ही गाडी उभ्या जागी चालू ठेवत होतो. उभ्या इंजिनाच्या मिनिटाला ८०० फेऱ्या, तासाला ४८,०००. सपाटीच्या भाषेत ते २८ किलोमीटर झाले, आणि मीटर जागचे हललेले नसते.

यंदा मीटरवर ८६,००० झाले तेव्हा मी बेरीज मांडली. मुंबईतले ४१,००० जसेच्या तसे. आमच्याकडच्या ४५,००० पैकी निम्मे सपाटीवरचे, निम्मे घाटातले. घाटातल्या साडेबावीस हजारांचे जवळजवळ एकसष्ट हजार झाले. नोंदवहीतले उभ्या गाडीचे ६०० तास म्हणजे आणखी सोळा-सतरा हजार. सगळे मिळून एक लाख एक्केचाळीस हजार. हा हिशेब ढोबळ आहे, कोणी इंजिनिअर त्यात चुका काढील. पण दिवा लागायला मीटरवर अजून चौसष्ट हजार बाकी दिसत होते आणि माझ्या वहीत जेमतेम नऊ. त्यात पट्ट्याचे वय, घाटातली धूळ, उन्हाळ्यात सीटखाली कोंडणारी उष्णता ही वेगळीच. विश्वस्तांपुढे मी हा कागद ठेवला. त्या रात्रीची गोष्ट सांगावी लागली नाही, ती सर्वांना ठाऊक होती.

काम होळीनंतर करायचे ठरले. भोंगऱ्या बाजार आणि होळीच्या दिवसांत गुजरातेत ऊसतोडीला गेलेली माणसे पाड्यावर येतात, तेव्हा गाडी उभी ठेवणे शक्य नसते. पावसाळ्याआधी मात्र ते व्हायलाच हवे होते. आता मोठी कामे सगळी याच फटीत बसवतो.

शहाद्याच्या मिस्त्रींनी कव्हर काढले आणि जुना पट्टा हातात घेऊन म्हणाले, “भाऊ, पट्टा ते नवाच दिखस.” खरेच तसा दिसत होता. हल्लीच्या रबराला लगेच चिरा पडत नाहीत, त्यामुळे नजरेवर भरवसा ठेवून उपयोग नाही. टेन्शनरची फिरती पुली हाताने फिरवली तेव्हा मात्र खरखर लागली. ती आणि टेन्शनर पट्ट्याबरोबरच बदलले. नुसता पट्टा घालून जुनी पुली ठेवणे ही खोटी काटकसर आहे : पुली अडकली तर नवा पट्टाही जातो.

या इंजिनात पट्टा आखूड आहे आणि पाण्याचा पंप त्यावर चालत नाही, त्यामुळे काम सोपे. पहिला पिस्टन वर आणून खुणा जुळवायच्या, टेन्शनरचे दोन बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे सैल करायचे, नव्या टेन्शनरचा दांडा दाबून त्यात पिन अडकवायची, पट्टा चढवायचा, मग पिन ओढायची. मी एकाच गोष्टीचा आग्रह धरला : चावी लावण्याआधी क्रँक पान्याने, हाताने, दोन पूर्ण फेऱ्या फिरवायचा आणि खुणा पुन्हा जुळतात का ते पाहायचे. एक दात चुकलेला असेल तर तो इथे सापडतो. स्टार्टर मारल्यावर सापडला तर उशीर झालेला असतो. दुपारपर्यंत गाडी सुरू झाली.

सुटे भाग अधिकृत दुकानातून, पावतीसह घेतले. बाजारात त्याच खोक्यात नकली पट्टे मिळतात. इनोव्हाच्या कृपेने इंजिनाचे पुष्कळसे सामान मिळते, पण आयात गाडीचे बाकीचे अंग तसे नाही. पुढची काच, आरसे, दिवे मागवावे लागतात आणि आठवडे जातात. म्हणून ब्रेक पॅडचा एक जोड, डिझेल फिल्टर, पंख्याचा पट्टा आणि रेडिएटरचे होज आता आमच्या कपाटात कायम असतात. पावसाळ्यात डिझेल फिल्टरमधले पाणी दर पंधरवड्याला काढतो. ऑइल पाच हजारावर बदलतो, आणि हे पाच हजारही माझ्या वहीतले, मीटरवरचे नव्हेत.

लसींसाठी आता बर्फाच्या पिशव्यांची चांगली शीतपेटी घेतली आहे आणि दिव्यांना वेगळी बॅटरी. शिबिरात इंजिन बंद असते. सिस्टर म्हणतात, स्टेथोस्कोपने छाती नीट ऐकू येऊ लागली ती तेव्हापासून.

दिव्याची मोजणीही मिस्त्रींनी शून्यावर आणून दिली. तरी पट्ट्याच्या कव्हरवर मी एक चिकटपट्टी लावली आहे : तारीख, मीटर आणि वहीतला आकडा. माझ्यानंतर हे काम जो पाहील त्याने सीट उचलली की ती समोर दिसेल. या तिमाहीत पुढच्या काचेला डाव्या कोपऱ्यात बारीक तडा गेला आहे. काच मागवली आहे. तिचा खर्च पुढच्या अंकातील हिशेबात दिसेल.