विश्लेषण : एका वाघामागे ५०० भक्ष्यप्राणी का लागतात?

ताडोबातील एक वाघीण नोव्हेंबर २०२५ मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आणण्यात आली. अशा वेळी चर्चा वाघांच्या संख्येची होते. पण वाघ तेथे टिकणार का, हे ठरते चितळ, सांबर आणि गव्यांच्या संख्येवर. भक्षक आणि भक्ष्याचा हा हिशेब मांडण्याची पद्धत सुमारे शंभर वर्षे जुनी आहे.

सुरुवात कोठे झाली?

एड्रियाटिक समुद्राकाठच्या मासळी बाजारात. पहिल्या महायुद्धात तेथील मासेमारी थंडावली. फिउमे बंदरातील मासळीत शार्क, पाकट अशा शिकारी माशांचे प्रमाण १९१४ मध्ये सुमारे १२ टक्के होते, ते १९१८ मध्ये ३६ टक्क्यांवर गेले. मासेमारी घटल्याचा फायदा शिकारी माशांनाच अधिक का झाला, हा प्रश्न जीवशास्त्रज्ञ उंबेर्तो दांकोना यांनी गणितज्ञ व्हितो व्होल्तेरा यांच्यापुढे ठेवला. व्होल्तेरा यांनी १९२६ मध्ये त्याचे उत्तर समीकरणांत मांडले. अमेरिकेत आल्फ्रेड लोटका स्वतंत्रपणे त्याच समीकरणांपर्यंत पोहोचले होते.

समीकरणात काय असते?

मुख्य आकडे चार. भक्ष्य किती वेगाने वाढते, भक्षक ते किती वेगाने टिपतो, खाल्लेल्या अन्नातून भक्षकाची किती नवी पिल्ले जगतात आणि भक्षक किती वेगाने मरतात. १९५९ मध्ये सी. एस. हॉलिंग यांनी यात शिकार पकडून खाण्यात जाणारा वेळ जोडला. वाघाने सांबर मारले की पुढचे काही दिवस तो त्यावरच असतो. त्यामुळे जंगलात चितळे दुप्पट झाली, तरी एका वाघाची शिकार दुप्पट होत नाही.

मग ५०० हा आकडा कसा आला?

प्रौढ वाघाला आठवड्याला साधारण एक, म्हणजे वर्षाला सुमारे ५० मोठे प्राणी लागतात. वाघ उपलब्ध भक्ष्यापैकी वर्षाला साधारण १० टक्के प्राणी मारतात, असे धरले जाते. ५० म्हणजे १० टक्के, तर एकूण प्राणी हवेत ५००. उल्हास कारंत आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ताडोबा, मेळघाटसह देशातील विविध जंगलांत हे नाते तपासले. भक्ष्य दाट तेथे वाघ दाट, असे त्यात दिसले.

हा नियम सगळीकडे चालतो का?

जसाच्या तसा नाही. बिबटे आणि रानकुत्रे त्याच कळपांवर जगतात, त्यांचा वाटा वेगळा धरावा लागतो. पिल्ले असलेल्या वाघिणीची गरज जास्त असते. आजार, वणवा, चोरटी शिकार यांनी भक्ष्याच्या वाढीचा वेगच बदलतो. म्हणून ५०० हा अंदाज आहे, हमी नाही.

आकडा चुकला तर?

भक्ष्य कमी पडले, तर वाघ जंगल सोडतो किंवा गावातल्या गुरांकडे वळतो. त्याची किंमत जंगलाच्या कडेला राहणारा शेतकरी मोजतो आणि अखेर वाघही. सागरेश्वर अभयारण्यातील चितळे चांदोलीत सोडण्यामागे हाच विचार आहे. त्यामुळे पुढच्या वेळी ‘नवे वाघ आले’ अशी बातमी वाचाल, तेव्हा तेथे चितळ किती, हेही जरूर पाहा.