न उतरण्याचा निर्णय

ऐन पावसाळ्यात विमान धावपट्टीजवळ येते आणि उतरता उतरता एकदम पुन्हा वर उठते. आत बसलेल्या आपल्या पोटात गोळा येतो. वस्तुतः बहुधा सारे नियमाप्रमाणेच चाललेले असते. उपकरणांच्या साह्याने उतरताना, सर्वसाधारणपणे २०० फुटांवर, वैमानिकाला धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले नाहीत, तर त्याने वर जायचेच असते.

त्याचा क्रम ठरलेला आहे. आधी इंजिनाला जोर, विमानाचे नाक वर. चढण सुरू झाल्याची खात्री पटली म्हणजे चाके आत. वाटेचा विचार त्यानंतर. लहान विमानांतील गार्मिन जी-१००० सारख्या एकत्रित यंत्रणेत ही परतीची वाट आधीच भरलेली असते. परंतु ठरलेला बिंदू ओलांडताच यंत्रणा आपण होऊन ती वाट धरीत नाही. सरळ रेषाच दाखवीत राहते. वैमानिकाने बटण दाबले म्हणजे मगच पुढची वळणे व घिरट्यांची जागा दिसू लागते. पुरेशी उंची गाठण्याआधी वळणे धोक्याचे, म्हणून ही योजना.

मात्र वर जाण्याचा निर्णय यंत्र घेत नाही. २२ मे २०१० रोजी मंगळूरला सहवैमानिकाने तीनदा 'गो अराउंड' म्हणून सुचवले. मुख्य वैमानिकाने विमान उतरवलेच. विमान धावपट्टीबाहेर दरीत गेले, १५८ माणसे दगावली.

तेव्हा विमान उतरता उतरता वर उठले, तर आपण वैमानिकावर चिडू नये. तो आपले काम चोख करीत असतो.