खेळ सुरू व्हायच्या आधी

मुंबईतल्या पुस्तकांच्या दुकानांची हकीकत सांगायची तर सुरुवात थिएटरांपासून करावी लागते. १९४८ साली टी. एन. शानभाग या तरुणाने कुलाब्याच्या स्ट्रँड सिनेमात पुस्तकांचा एक टीचभर स्टॉल मांडला. भांडवल साडेचारशे रुपये. विद्यार्थिदशेत एका दुकानात पुस्तक चाळत असताना शानभागांना हटकलं गेलं होतं आणि तो अपमान त्यांच्या मनात राहिला, असं सांगतात. त्यामुळे स्वतःच्या स्टॉलवर त्यांनी कुणाचाही हात अडवला नाही. उघडा, वाचा, ठेवून द्या.

जागेची निवड मला फार हुशारीची वाटते. खेळ सुरू व्हायला वीस मिनिटं आहेत, सोबत येणारा अजून उगवलेला नाही, अशा माणसाइतका उत्तम गिऱ्हाईक पुस्तकाला मिळत नाही. त्याला काही विकत घ्यायचं नसतं, म्हणून तो मोकळेपणी चाळतो. आणि चाळता चाळता फसतो!

पुढे दुकान फोर्टात, सर फिरोजशहा मेहता रोडवर आलं. नाव मात्र ‘स्ट्रँड बुक स्टॉल’च राहिलं, पक्क्या दुकानाला स्टॉल म्हणायला तिथं कुणाला संकोच वाटला नाही. जागा अरुंद, दोन माणसं समोरासमोर आली की एकाने अंग चोरायचं. पण ‘अमुक लेखकाचं नवं काय आलंय?’ म्हटलं की नुसती मान हलवून बोळवण होत नसे. नसेल तर मागवून देत. शिवाय सूट. किमतीवर सरसकट वीस टक्के कमी, आणि चर्चगेटजवळच्या सुंदराबाई हॉलमध्ये दरवर्षी भरणाऱ्या प्रदर्शनात त्याहून बरंच जास्त. पगारदार वाचक त्यासाठी पैसे बाजूला टाकून ठेवत. २००३ साली शानभागांना पद्मश्री मिळाली. पुस्तकं विकणाऱ्या माणसाला हा मान मिळणं आपल्याकडे दुर्मीळच. २००९ मध्ये ते गेले, आणि २०१८च्या फेब्रुवारीअखेर दुकानही बंद झालं.

तेव्हा सगळ्यांनी इंटरनेटवरच्या विक्रीला बोल लावला. ते खरंच आहे, पण पुरतं नाही. प्रकाशक विक्रेत्याला जे कमिशन देतो, त्यातूनच विक्रेता गिऱ्हाइकाला सूट देतो. उरलेल्यात भाडं, पगार, वीज. मोठ्या भांडवलवाल्याने तोटा सोसून त्याहून जास्त सूट द्यायची ठरवली की छोट्या दुकानाकडे उत्तर उरत नाही. गिऱ्हाइकाला स्वस्ताची सवय दुकानांनीच लावली होती. स्ट्रँडची खरी कमाई होती ती माणसांच्या ओळखीची, कुणाला काय आवडेल हे जाणण्याची. तिचं बिल कुणी कधी फाडलं नाही.

मराठी पुस्तकांची वाटही थिएटरावरूनच जाते. गिरगावातल्या मॅजेस्टिक सिनेमात १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ लागला आणि पडदा बोलू लागला. त्याच गिरगावात त्याच नावाचा बुक स्टॉल पुढे नावारूपाला आला. तो चालवणारे केशवराव कोठावळे निव्वळ दुकानदार नव्हते. विकायची पुस्तकं लोकांना कळली पाहिजेत म्हणून त्यांनी १९६४च्या जानेवारीत ‘ललित’ हे मासिकच काढलं. भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ आदल्याच वर्षी आली होती. मराठीत नव्या पुस्तकांवर भांडावं असा तो काळ. ‘ललित’मध्ये जयवंत दळवी ‘ठणठणपाळ’ होऊन लेखकांच्या टोप्या उडवायचे आणि वसंत सरवटे त्यांना चित्रांची साथ द्यायचे. ज्यांची पुस्तकं दुकानात मांडलेली, त्यांचीच थट्टा दुकानाच्या मासिकात! आज एवढी छाती कुठल्या विक्रेत्याकडे आहे?

आजचं चित्र सगळंच काळं नाही. हुतात्मा चौकाजवळचं ‘किताबखाना’ २०११ साली उघडलं, २०२०च्या डिसेंबरात आगीत होरपळलं आणि काही महिन्यांत पुन्हा उभं राहिलं. तिथं इंग्रजीच्या शेजारी मराठी पुस्तकंही मांडलेली असतात, हे फोर्टातल्या दुकानाबाबत मुद्दाम नोंदवण्यासारखं.

माझा कल मात्र दादरकडे. शिवाजी मंदिराच्या इमारतीत वर नाट्यगृह आणि खाली मॅजेस्टिकचं ग्रंथदालन, म्हणजे कुलाब्याचीच युक्ती, फक्त सिनेमाच्या जागी नाटक. २०२३चं साहित्य अकादमी पारितोषिक कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ला मिळालं. धरणाने उठवलेल्या माणसांची ही कादंबरी एरवी कुणी नाव घेऊन मागितली नसती, पण पारितोषिकाची बातमी आली की दुकानात विचारणा सुरू होते. तरीही बातमीवरून आलेला वाचक हवं ते घेऊन निघून जातो. नाटकाला लवकर आलेला मात्र रेंगाळतो, म्हणून नव्या, अनोळखी लेखकाची सारी भिस्त त्याच्यावर. प्रकाशकांनी जाहिरातीवर खर्च करण्यापेक्षा पहिली कादंबरी थेट दारापाशी, तिकिटाच्या रांगेतून दिसेल अशी मांडायला सांगावी. आणि प्रेक्षकांनी तिसऱ्या घंटेपर्यंत बिल करून घ्यावं. मध्यंतरात फार गर्दी होते.